गोळीतला स्टार्च कशाचा?

माझ्या लेकीला दमा तिसऱ्या वर्षापासून. नवव्या वर्षी सिलिॲकचं निदान झालं आणि घरातली कणीक, रवा, मैदा, बिस्किटं एका दिवसात शेजारी गेली. त्या रात्री पंप हातात धरून तिने विचारलं, "आई, यात गहू नसतो ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर डॉक्टरांना, केमिस्टला, कंपन्यांना विचारत विचारत जी पद्धत बसली, ती लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की चौकशी पूर्ण होईपर्यंत एकही औषध बंद करायचं नाही. रोजचा पंप नाही आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप तर नाहीच. सिलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला होणारी इजा हळूहळू होते. दम्याचा झटका थोड्या वेळात जिवावर बेततो. शंकेपोटी पंप बाजूला ठेवणं हीच यातली सगळ्यात मोठी चूक आहे.

आता घरातली दम्याची सगळी औषधं जेवणाच्या टेबलावर काढा. जुन्या पर्समधली, दप्तरातली, गाडीतली सुद्धा. त्यांचे दोन ढीग करा: श्वासातून घ्यायची आणि गिळायची.

श्वासाच्या ढिगाची काळजी लवकर मिटते. साल्ब्युटामॉलच्या पंपात औषध आणि ते बाहेर ढकलणारा एचएफए वायू असतो, काहींत थोडं अल्कोहोल आणि ओलेइक आम्ल. अल्कोहोल धान्यापासून केलेलं असलं तरी ऊर्ध्वपातनात प्रथिनं मागेच राहतात, आणि ग्लुटेन हे प्रथिन आहे. नेब्युलायझरच्या छोट्या कुप्यांत मुख्यतः पाणी, मीठ आणि औषध असतं. ब्युडेसोनाइडच्या कुपीत औषध पाण्यात मिसळून राहावं म्हणून पॉलिसॉर्बेटसारखे घटक घालतात. रोटाकॅपच्या पांढऱ्या भुकटीत औषध कणभर आणि बाकी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. निदान नवीन असताना बऱ्याच जणांना दूध पचत नाही, म्हणून लॅक्टोज वाचून धडकी भरते. पण एका कॅप्सूलमध्ये ते साधारण 25 मिलिग्रॅम असतं आणि पेलाभर दुधात 10 ग्रॅमच्या आसपास. मात्र दुधाच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी असेल तर ही भुकटी वापरण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

खरं काम गोळ्यांचं आहे. मॉन्टेलुकास्ट, डॉक्सोफायलिन, थिओफायलिन, झटक्यानंतर पाच-सात दिवस दिली जाणारी प्रेडनिसोलोन. गोळी बांधायला आणि पोटात फुटायला स्टार्च वापरतात. तो बहुतेक वेळा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो. आपल्याकडच्या स्ट्रिपवर हे कळत नाही. खिडकीशी उजेडात धरा, भिंग घ्या: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, रंग, आणि मग बारीक अक्षरांत 'एक्सिपियंट्स क्यू. एस.'. म्हणजे बाकीचे पदार्थ लागतील तेवढे. ते कोणते, हे लिहिलेलं नसतं. 1 ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडवर क्यूआर कोड आला, पण त्यातही उत्पादक, बॅच, तारखा, परवाना क्रमांक एवढंच मिळतं. 'ग्लुटेन-फ्री'चा जो शिक्का आपण किराण्यात शोधतो, तो खाद्यपदार्थांच्या कायद्यातला. औषधाच्या पाकिटावर त्याची वाट पाहू नका.

पाकिटात माहितीपत्रक असेल तर त्यातली घटकांची यादी वाचा. सेल्युलोज, लॅक्टोज, मॅनिटॉल, मॅग्नेशियम स्टिअरेट, क्रॉसकार्मेलोज हे सगळे निर्धोक. नुसतं 'स्टार्च', 'प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च', 'सोडियम स्टार्च ग्लायकोलेट' किंवा 'डेक्स्ट्रिन' असेल आणि धान्याचं नाव नसेल, तर त्याखाली रेघ मारा. सिरपमध्ये 'माल्ट' दिसला तर तो जवाचा धरून चला.

यादी नसेल किंवा रेघ मारावी लागली असेल, तर कंपनीला ईमेल करा. मी आधी फोन करत असे. एकदा पलीकडच्या मुलीने अगदी मनापासून सांगितलं, "मॅडम, गोळीत साखर नाही, काळजी करू नका." ग्लुटेन आणि ग्लुकोज यांत तिचा घोळ झाला होता. तेव्हापासून मी लेखी विचारते, आणि उत्तर मेडिकल इन्फर्मेशन विभागाकडून हवं असं पहिल्याच ओळीत लिहिते. औषधाचं पूर्ण नाव, ताकद, बॅच नंबर, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय'पुढचं नाव (विकणारी कंपनी आणि बनवणारी वेगळी असू शकते), आणि तीनच प्रश्न: यात गहू, जव किंवा राय यांपासून केलेला कुठला घटक आहे का? स्टार्च कशाचा? त्याच यंत्रावर गव्हाचा स्टार्च असलेली गोळी बनते का?

"आमचं उत्पादन ग्लुटेन-फ्री प्रमाणित नाही" असं उत्तर आलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ तपासणी केलेली नाही, एवढाच. पुन्हा लिहा आणि स्टार्चचाच प्रश्न धरून ठेवा.

गव्हाचा स्टार्च आहे असं कळलं तर? हिशेब करा. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन सोसतं असं मानलं जातं. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये म्हटलं की तोंडाने घ्यायच्या बहुसंख्य औषधांत ग्लुटेन नसतंच, आणि असलं तरी एका मात्रेत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं. एका मध्यम पोळीत ते दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे त्याच्या हजारो पट. म्हणून तातडीची गोळी असेल तर ती घ्यायचीच. रोजची असेल तर दुसरा ब्रँड आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं.

ब्रँड मिळाला की तो वहीत लिहा, तारखेसह. केमिस्टकडे तो नसला की "तेच औषध आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून वेगळी स्ट्रिप हातात येते. औषध तेच असतं, स्टार्च तोच असेल असं नाही. माझा केमिस्ट आता बदली द्यायच्या आधी फोन करतो, कारण त्याला एकदा बसून सगळं समजावलं.

गोळी कशाबरोबर घेता, तेही बघा. आमच्याकडे कडू गोळी चॉकलेटी पावडरच्या दुधातून दिली जायची. त्या डब्यावर माल्ट आणि गहू दोन्ही छापलेले होते. छातीला लावायच्या, काढ्यात टाकायच्या बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा असतो. वैद्यांच्या चूर्णांचंही असंच विचारून घ्या. औषधामागे आठवडाभर धावून आम्हाला गहू सापडला तो स्वयंपाकघराच्या कपाटात.

नवं औषध सुरू केल्यावर पोट फुगलं, जुलाब झाले, तर स्ट्रिप जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. टीटीजी ही सिलिॲकची रक्ततपासणी लवकर करायची का, ते ठरवतील. औषधाच्या त्रासाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर आपणही करू शकतो.

लेकीच्या पंपाच्या पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे, शाळेतल्या बाईंसाठी. डब्यातलं काही दुसऱ्याचं खाऊ देऊ नका, असं त्यांना आधी सांगितलेलं, त्यामुळे पंप द्यायलाही त्या बिचकतील अशी मला भीती होती. चिठ्ठीत लिहिलं आहे: 'धाप लागली तर पंप लगेच द्या. यात गहू नाही, मी विचारून घेतलं आहे.'