तणांनी मातीतील बुरशीचा बंदोबस्त

वांगी, मिरची किंवा टोमॅटोचे बी वाफ्यात टाकावे, ते चांगले उगवावे आणि आठवड्याभरात रोपे जमिनीलगत सडून आडवी व्हावीत, हा प्रकार सावंगी (मेघे) सारख्या काळ्या जमिनीच्या गावी नवा नाही. पिथियम, रायझोक्टोनिया या मातीतील बुरशींचे हे काम. संकरित बियाणे महाग. वाफा बसला की अल्पभूधारकाचा हंगामच बसतो.

मोहरी वाटताना डोळ्यांत पाणी येते ते आयसोथायोसायनेट या द्रव्यामुळे. ते बुरशीलाही मारक असते. पावसाळ्यात बांधावर माजणाऱ्या तिळवणीचा पाला चेचला म्हणजे त्याच जातीचे द्रव्य सुटते. गंमत अशी की, जमीन निर्जंतुक करण्याचे मेटाम सोडियम हे औषधही मातीत तेच मिथिल आयसोथायोसायनेट सोडते! जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी मोहरीवर्गीय अवशेष मातीत मिसळून, पाणी देऊन, ती उन्हात तापविली. तेव्हा मूळकुज करणारी मॅक्रोफोमिना बुरशी घटली, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले.

तिळवण बी धरण्यापूर्वी उपटावी, बारीक कापून लगेच ओल्या मातीत मिसळावी आणि वाफा प्लॅस्टिकने झाकावा. उघड्यावर द्रव्य उडून जाते. मात्र पाला गाडताच बी टाकू नये. ताज्या पाल्यावर पिथियम उलट फोफावते, म्हणून तीन आठवडे तरी थांबावे. गाजरगवताचाही उपयोग काहीजण सुचवितात. परंतु त्याने अंगाला पुरळ उठते, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्याला शिवू नये. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यावर प्रयोग करावा आणि शेजारचा वाफा तुलनेसाठी तसाच ठेवावा.