चारशे साठ ग्रॅमचा कॅमेरा आणि सळईचे दोन तुकडे

कॅमेरा जितका हलका, तितकं चित्र जास्त हलतं. नववीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा मुलांना ते उलटं वाटलं. हलकी वस्तू धरायला सोपी, मग ती स्थिर का राहत नाही? या प्रश्नावर आमचे तीन शनिवार गेले आणि त्यातून एक रिग तयार झाला. रिग म्हणजे कॅमेरा नीट धरता यावा म्हणून त्याच्याभोवती केलेला सांगाडा. तो कसा केला, कुठे चुकलो आणि त्यात विज्ञानाचा कोणता भाग शिकवून झाला, ते इथे मांडतो. शाळेत किंवा घरी मुलांना फिल्म करायची हौस असेल तर उपयोग होईल.

आधी कारण सांगतो. गावातल्या एका आजींना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. मुलांनी त्यांच्यावर दहा मिनिटांची फिल्म करायचं ठरवलं. आमच्याकडे सोनीचा झेडव्ही-ई१० हा लहान मिररलेस कॅमेरा आहे, एका माजी विद्यार्थ्याने दिलेला. बॅटरीसकट ३४३ ग्रॅम आणि सोबतची १६-५० ची लेन्स ११६ ग्रॅम. मुलं गेली, उत्साहात पाऊण तास शूट करून आली. शाळेत प्रोजेक्टरवर लावलं तर दोन मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. भिंती हलतायत, जातं हलतंय, आणि आवाजात आजींपेक्षा डोक्यावरचा पंखाच जास्त. त्या पाऊण तासातलं काहीच वापरता येण्यासारखं नव्हतं.

मुलांचं पहिलं मत, "सर, गिंबल घेऊ या." गिंबल वाईट नाही. चालताना शूट करायचं असेल तर त्याला तोड नाही. पण आपल्याला जात्यासमोर बसलेल्या माणसाला चित्रित करायचंय, त्यासाठी मोटरवर चालणारं, चार्ज करावं लागणारं, काही हजारांचं यंत्र कशाला? बाजारात तयार रिगही मिळतात, पण त्यातले निम्मे भाग शाळेच्या कामात नुसते शोभेचे ठरतात.

तर आता जडत्व. आपला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. श्वास, नाडी, स्नायूंची थरथर हे सगळं चालूच असतं. हाताने दिलेला धक्का तेवढाच असेल तर जास्त वस्तुमानाची वस्तू कमी हलते, हे आठवी-नववीच्या पुस्तकात येतंच. पण व्हिडिओत खरा त्रास देते ती कॅमेऱ्याची सरकण नाही, तर गिरकी. कॅमेरा एक मिलिमीटर बाजूला सरकला तर समोरच्या चित्रात जवळजवळ काही कळत नाही. तोच कॅमेरा एक अंशाने वळला की दोन मीटरवर बसलेला माणूस साडेतीन सेंटिमीटर बाजूला गेल्यासारखा दिसतो. आणि गिरकीला होणारा विरोध नुसत्या वस्तुमानावर ठरत नाही, ते वस्तुमान मध्यापासून किती लांब आहे यावर ठरतो, तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. बारावीच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. नववीला ते नाव सांगायची गरज नाही. खराट्याची काठी घ्या, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या आधी मध्यापाशी बांधून मनगटाने काठी डावी-उजवी फिरवायला सांगा, मग त्याच बाटल्या दोन टोकांना बांधा. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. वजन तेच, पण हात वळायला तयार नाही.

म्हणून आमच्या रिगचं सूत्र एवढंच: वजन वाढवायचं, पण कॅमेऱ्याच्या खाली नाही, दोन्ही टोकांना.

१२ मिमी प्लायची एक फळी घेतली, ४० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद. सुताराच्या तुकड्यांतून फुकट मिळाली. दोन टोकांना उभ्या मुठी, त्या अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाइपच्या, प्रत्येकी १६ सेंमी. पाइप फळीला कसा जोडायचा यावर बराच वाद झाला. शेवटी एका मुलीने सुचवलेलं टिकलं: पाइपचं एंड कॅप उलटं ठेवून आतून दोन स्क्रूंनी फळीवर पक्कं करायचं आणि मग त्यात पाइप सॉल्व्हंट सिमेंट लावून बसवायचा. या पाइपमध्ये बांधकामावरची १२ मिमी सळई घातली. १२ मिमी सळईचं वजन मीटरला ८८८ ग्रॅम, म्हणजे १५ सेंमीचा तुकडा १३३ ग्रॅमचा. हा हिशोब मुलांनीच केला, मग किराणा दुकानाच्या काट्यावर पडताळून आली. सळई आत खडखडते, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर तो खडखडाट रेकॉर्डिंगमध्ये येतो. पाइपच्या जाडीनुसार आतली जागा बदलते, तेव्हा सळईचा तुकडा खिशात घेऊनच पाइप आणायला जा.

हे तुकडे मध्यापासून १८ सेंमीवर आहेत. तेच कॅमेऱ्याला चिकटून, समजा ५ सेंमीवर असते, तर? १८ भागिले ५ म्हणजे ३.६, त्याचा वर्ग जवळपास १३. तेवढ्याच लोखंडाचा गिरकीला होणारा विरोध तेरापट. फळ्यावर हे गणित झाल्यावर "वजन लांब का" हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आता बोल्ट. इथे सगळ्यात जास्त सांभाळायला हवं, कारण नुकसान होऊ शकतं ते इथेच. कॅमेऱ्याच्या तळाला जे आटे असतात ते पाव इंची, इंचाला २० आटे असे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या भाषेत दोन सुती बोल्ट. दुकानदार पटकन एम-६ काढून देतो आणि म्हणतो, "बसतोय की, घ्या." बसतो, पण चुकीचा बसतो. एम-६ चा व्यास ६ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. दोन सुतीचा व्यास ६.३५ मिमी आणि अंतर २५.४ भागिले २०, म्हणजे १.२७ मिमी. एम-६ एक-दोन फेरे आत जातो, ढिला राहतो आणि जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे खातो. तो नको.

दुसरी गोष्ट लांबीची. या कॅमेऱ्यासाठी स्क्रू ५.५ मिमीपेक्षा कमी आत जायला हवा, असं कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. आमचा बोल्ट पाऊण इंची, म्हणजे १९ मिमी. फळीचे १२ वजा केले तर ७ मिमी वर येतो, हे जास्त झालं. खाली दीड मिमीचं वॉशर घातलं, वर कॅमेरा सरकू नये म्हणून ट्यूबचा एक मिमीचा तुकडा ठेवला, राहिले साडेचार. हे मोजल्याशिवाय कॅमेरा लावू दिला नाही. भोक ६.५ मिमीच्या बिटने मी स्वतः पाडलं. ड्रिल मुलांच्या हातात देऊ नका. करवत आणि कानस त्यांनी चालवावी, गॉगल घालून.

बॅटरीचं झाकण तळालाच असल्यामुळे फळीवर लावलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलायची तर दरवेळी बोल्ट काढावा लागतो. आम्ही पॉवर बँक फळीला रबराने बांधली आणि यूएसबी-सी केबलने कॅमेऱ्याला जोडली. असं सगळं मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास गेलं. "सर, हात दुखेल की," अशी तक्रार आलीच. दुखतो. पाच मिनिटांनी माणूस बदलायचा.

पहिल्या चाचणीत डावी-उजवी गिरकी आणि तिरकं होणं, दोन्ही एकदम कमी झालं. पण चित्र मान हलवल्यासारखं वर-खाली होतच होतं. मी विचारात पडलो. उत्तर वर्गातूनच आलं: वजन डावी-उजवीकडे लांब आहे, पुढे-मागे नाही, मग त्या दिशेला फरक का पडेल? बरोबर. यावर उपाय दोरीचा. फळीच्या मागच्या कडेला, मधोमध एक हूक लावायचा, त्यात सुताची दोरी अडकवून तिचं दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि दोन्ही मुठी वर ओढून दोरी ताठ ठेवायची. मागून खाली ओढणारी दोरी आणि पुढून उचलणारे हात यांच्या ताणात कॅमेरा अडकून बसतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक भाग हाच निघाला, हे थोडं मजेशीर आहे.

एकूण खर्च चारशे रुपयांच्या आत आला, पॉवर बँक सोडून. ती माझीच होती, अजून फळीलाच आहे.

आपल्याकडे हे असं जुळवून घेणं जुनंच आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेराच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. मुलांना ही गोष्ट लेथसमोर उभं राहून सांगावी.

आवाजाबद्दल थोडक्यात, पण रिगपेक्षाही आधी लक्ष द्या ते याकडे. कॅमेऱ्यावर कितीही चांगला माइक बसवा, तो माणसापासून दोन मीटर लांबच राहतो. आवाजाची तीव्रताही अंतराच्या वर्गाप्रमाणे घटते. दोन मीटरऐवजी वीस सेंटिमीटरवर माइक नेला तर थेट आवाज शंभरपट. मोबाइलचा इयरफोन थेट कॅमेऱ्यात लावू नका, त्याच्या पिनेला चार भाग असतात, कॅमेऱ्याला तीनवाली लागते. सरळ मोबाइलवरच रेकॉर्ड करा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये टाळीवर टाळी जुळवा. पंखा बंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की काही ट्यूबलाइटमध्ये दिसणाऱ्या पट्ट्याही जातात.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "परत? तवा झालं न्हाई का?" मुलांनी खरं ते सांगितलं. त्या हसल्या आणि बसल्या. मोबाइल पदराच्या घडीत ठेवला, टाळी वाजवली, दोरी पायाखाली. या वेळी चित्र शांत आहे. हात, खुंटा, पाळूभोवती पडणारं पीठ, सगळं दिसतं. अकरा मिनिटं वापरता येतील अशी मिळाली.

फक्त पहिल्या वेळी म्हटलेल्या दोन ओव्या या वेळी त्यांना आठवल्या नाहीत. मुलांनी पहिल्या ओळी सांगून पाहिल्या, तरी पुढचं येईना. त्या दोन ओव्या आता फक्त पंख्याच्या आवाजाखाली आहेत. दोन मुली हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा ऐकतायत आणि वहीत शब्द उतरवून घेतायत. परवापर्यंत तीन जागा रिकाम्या होत्या.