बँडविड्थ रिकामी, तरी लाईन का थांबते?

अगं, आधी दोन घोट पाणी पी आणि खुर्चीत नीट बस. मॅनेजर मागे उभे राहून "लाईन कधी चालू होणार?" विचारतायत, ड्राइव्हवाला फोनवर "आमच्याकडून सगळं ओके आहे" म्हणतोय, आणि तुझ्या स्क्रीनवर नेटवर्कचा वापर जेमतेम २ टक्के दिसतोय. मग कनेक्शन तुटतंय कशाने, या प्रश्नाने तुझं डोकं भणाणलंय. चाकण असो, तळेगाव असो की रांजणगाव, प्लांटमध्ये नव्याने कंट्रोल्स सांभाळणाऱ्या मुलीच्या वाट्याला हा दिवस येतोच. तुला हे जमणार आहे. फक्त बघायची जागा चुकतेय.

खरं सांगू का, ते २ टक्के खरेच असतात आणि तरीही दोष नेटवर्कमध्ये असू शकतो. चल, हिशोब मांडू. समज, ईथरनेट आयपीवर २० आय-ओ उपकरणं आहेत आणि प्रत्येकाचा आरपीआय १० मिलिसेकंद ठेवलाय. म्हणजे एकेक उपकरण सेकंदाला १०० पॅकेट सोडणार, सगळ्यांची मिळून २,०००. एक पॅकेट १०० बाइटचं धर. झाले १.६ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या पोर्टला त्याचं काहीच वाटत नाही. पण ही पॅकेटं मल्टिकास्ट असली आणि स्विच ती सरसकट सगळ्या पोर्टवर टाकत असला, तर कोपऱ्यातल्या त्या छोट्या ड्राइव्हला किंवा बारकोड स्कॅनरला सेकंदाला दोन हजार वेळा बघावं लागतं की हे माझं आहे का. त्याचा प्रोसेसर तो केवढासा! या गर्दीत त्याचं स्वतःचं पॅकेट मागे राहतं. आरपीआयच्या काही पट, कमीत कमी चौपट, वेळ काहीच आलं नाही की कनेक्शन टाइमआउट होतं. तुझी लाईन उभी राहते आणि आलेख म्हणतो सगळं ठीक आहे. म्हणून बाई, टक्के बघू नकोस. प्रत्येक पोर्टवर सेकंदाला किती मल्टिकास्ट पॅकेटं बाहेर पडतायत तो आकडा बघ. मॅनेज्ड स्विचच्या पोर्ट काउंटरमध्ये तो असतो.

मल्टिकास्ट म्हणजे बघ, दुधाचा रतीब. ज्याने रतीब लावला त्याच्याच दारात पिशवी पडायला हवी. रतीब लावण्याचा निरोप म्हणजे आयजीएमपी, आणि ते निरोप ऐकून कुठल्या पोर्टला काय द्यायचं याची यादी स्विच ठेवतो ते आयजीएमपी स्नूपिंग. पॅनेलमध्ये कुणीतरी स्वस्तात बसवलेला अनमॅनेज्ड स्विच यादी ठेवतच नाही, तो दिसेल त्या दारात पिशवी ठेवतो. त्यामुळे पहिल्यांदा पॅनेलं उघडून असे स्विच किती आहेत ते मोज. ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नकोस, डोळ्यांनी बघ.

आता नीट ऐक, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. स्नूपिंग चालू केलं की काम झालं असं वाटतं, पण यादीतली नावं कायमची नसतात. "अजून हवंय ना?" असं कुणीतरी मधूनमधून विचारावं लागतं. विचारणारा तो क्वेरियर. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न सहसा १२५ सेकंदांनी जातो, आणि २६० सेकंद उत्तर आलं नाही की नाव यादीतून उडतं. प्लांटच्या नेटवर्कवर बऱ्याचदा राउटर नसतो, आणि क्वेरियर चालू करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग नाव उडाल्यावर काही स्विच ते मल्टिकास्ट सगळीकडे सोडतात, काही सरळ अडवून ठेवतात. स्विच चालू केल्यावर चार-सव्वाचार मिनिटं छान चाललं आणि मग फॉल्ट आला, असं कुणी सांगितलं की ड्राइव्ह बदलायला धावू नकोस. आधी क्वेरियर शोध.

तो कुठे बसवायचा यावरही माझं ठाम मत आहे. मधल्या मुख्य स्विचवर, आणि कुठेच नाही. कारण स्विच सगळं मल्टिकास्ट क्वेरियरच्या दिशेने पाठवतच राहतात, तिकडे कुणी मागितलेलं असो वा नसो. टोकाच्या पॅनेलमधला स्विच क्वेरियर झाला तर सगळ्या प्लांटची वाहतूक त्या एका बारीक अपलिंकवर चढते. आणि बघ, क्वेरियर कोण होणार याच्या निवडणुकीत ज्याचा आयपी पत्ता सगळ्यात लहान तो जिंकतो. नवीन मशीनबरोबर आलेला एखादा स्विच लहान पत्ता घेऊन जोडला की कुणाला न विचारता तोच क्वेरियर होऊन बसतो. तेव्हा मुख्य स्विचला त्या व्हीलॅनमधला सगळ्यात लहान पत्ता दे आणि बाकीच्यांवर क्वेरियर बंद ठेव. फार तर एक राखीव ठेव, त्याच्या पुढच्या पत्त्यावर.

तपासायला महागडं काही लागत नाही. लॅपटॉप त्याच व्हीलॅनमधल्या एका रिकाम्या पोर्टला लाव आणि वायरशार्क सुरू कर. तू कशाचाच रतीब लावलेला नाहीस, तेव्हा तुझ्याकडे फारसं काही यायला नको. २३९.१९२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर, यूडीपी पोर्ट २२२२ ची पॅकेटं धो धो येताना दिसली, तर स्नूपिंग काम करत नाही हे नक्की. विंडोज स्वतः २३९.२५५.२५५.२५० मध्ये नाव घालतं, ते दिसलं तर दचकू नकोस. मग पाच मिनिटं थांब. तेवढ्यात २२४.०.०.१ ला गेलेला क्वेरियरचा प्रश्न दिसायलाच हवा, आणि तो कुठल्या पत्त्यावरून आला तेही लिहून ठेव.

दुसरा उपाय तर एका टिकचा आहे गं. रॉकवेलच्या पीएलसीत बऱ्याच मॉड्यूलच्या कनेक्शन टॅबवर युनिकास्ट वापरायची सोय असते. ज्या आय-ओचा डेटा एकाच कंट्रोलरला हवाय त्याला मल्टिकास्ट कशाला? दोन कंट्रोलर तोच डेटा ऐकत असतील किंवा रिडंडन्सी असेल तिथे मात्र आधी मॅन्युअल वाच. आणि आरपीआयकडेही एकदा बघ. टाकीचं तापमान १० मिलिसेकंदांनी विचारून कुणाचं भलं होणार आहे? ५०० ठेव, खुशाल.

कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे खरोखर बँडविड्थच संपते. १२८० बाय १०२४ चा, ८ बिटचा, सेकंदाला ३० चित्रं देणारा एक तपासणी कॅमेरा साधारण ३१५ मेगाबिट खातो. त्याचं मल्टिकास्ट चुकून १०० मेगाबिटच्या पोर्टवर सांडलं तर तिथल्या उपकरणाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. कॅमेऱ्यांना वेगळं व्हीलॅन आणि गिगाबिट अपलिंक दे. यात काटकसर करायला कुणी सांगितलं तर हा आकडा कागदावर मांडून दाखव.

सगळं आयजीएमपीने सुटत नाही, हेही आत्ताच सांगते. प्रोफिनेटचा रिअल-टाइम डेटा किंवा सबस्टेशनमधले गूज संदेश आयपीवरून जातच नाहीत, त्यामुळे स्नूपिंगला ते कळत नाहीत. गूजला व्हीलॅन किंवा स्विचमध्ये हाताने भरलेले मल्टिकास्ट मॅक फिल्टर लागतात. आणि स्टॉर्म कंट्रोल लावताना मल्टिकास्टची मर्यादा डोळे मिटून टाकू नकोस. आधी लाईन पूर्ण वेगात चालू असतानाचा आकडा घे आणि मर्यादा त्याच्या बरीच वर ठेव, नाहीतर स्विच तुझाच आय-ओ डेटा फेकून देईल.

आज रात्री लाईन चालवण्यापुरतं काय ते बघ, मोठे बदल शटडाऊनला कर. प्रत्येक स्विचच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतल्याशिवाय मात्र एकाही सेटिंगला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. आणि अडलीस तर फोन कर, कितीही वाजले असले तरी.