माराकेश ते फेझ : आधी रस्ता ठरवा

मोरोक्कोला निघालेली आपली मंडळी विमानाची तिकिटं वेळेत काढतात, हॉटेलांचे फोटो पाहून रात्री जागवतात आणि माराकेश ते फेझ हा मधला प्रवास मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. ओळखीतलं कुणी निघालं की मी आता पहिल्यांदा तेच विचारते, फेझला कसे जाणार? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. ‘वाळवंटातून जाणारी तीन दिवसांची टूर आहे ना, त्यातच फेझला सोडतात. प्रवासही होतो आणि वाळवंटही होतं.’ हे ऐकलं की मी शांतपणे खुर्ची ओढून बसते, कारण त्या वाटेवर माझे आई-बाबा माझ्यासोबत होते.

नकाशावर ही दोन शहरं जवळ दिसतात. सरळ रेषेत अंतर चारशे किलोमीटरच्या आत आहे. पण त्या रेषेवर मध्य अ‍ॅटलासचे डोंगर आडवे येतात. रेल्वे ते टाळते. ती माराकेशहून वर कासाब्लांकाला जाते, समुद्राच्या कडेने रबात आणि केनित्रा गाठते आणि मग पूर्वेला वळून मेकनेसमार्गे फेझला पोचते. वळसा मोठा आहे, तरी थेट गाडी साधारण साडेसहा ते साडेसात तासांत नेते. बस बेनी मेल्लालच्या बाजूने डोंगरांच्या पायथ्यापायथ्याने गेली तर जवळजवळ 480 किलोमीटर आणि आठ-नऊ तास लागतात. वाळवंटाची वाट या दोन्हींहून वेगळ्या जातीची आहे. माराकेश ते मर्झूगा सुमारे 560 किलोमीटर, मर्झूगा ते फेझ आणखी साडेचारशेच्या वर. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला तुम्ही हजारभर किलोमीटर घाटांतून बसून काढता. जाहिरातीत हा आकडा कुठेच नसतो. तिथे असतो उंट, सोनेरी वाळू आणि निळा फेटा बांधलेला माणूस.

आम्ही घेतली होती ती सामायिक व्हॅनची टूर, म्हणजे अनोळखी प्रवाशांनी भरलेली मिनीबस. निघाल्यावर काही वेळातच तिझी न’तिश्काचा घाट सुरू झाला. खिंडीची उंची 2,260 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरने जास्त, आणि वळणं संपता संपत नाहीत. आईला गाडी लागते. आवळासुपारी, लिंबू, गोळी, सगळं जवळ होतं, पण तिला सगळ्यात मागची जागा मिळाली होती आणि पुढची जागा द्यायला चालक तयार नव्हता. ‘जो आधी आला त्याची जागा’ असा त्याचा नियम. खिंडीत गाडी थांबेपर्यंत तिच्या अंगात उभं राहण्याचं त्राण उरलं नव्हतं. त्या दिवशी ऐत बेनहद्दू पाहायचं होतं. 1987 पासून जागतिक वारशात असलेलं, मातीच्या भिंतींचं ते तटबंद गाव बघायला आम्ही उत्सुक होतो. पण आई खाली सावलीत बसून राहिली आणि बाबा तिच्यासोबत थांबले.

म्हणून पहिली गोष्ट. गाडी लागणारं माणूस बरोबर असेल तर पुढच्या आसनाची हमी पैसे देण्याआधी लेखी घ्या. ती मिळत नसेल तर सामायिक व्हॅन घेऊ नका. चौघांत मिळून चालकासह स्वतंत्र गाडी महाग पडते खरी, पण हवं तिथे थांबता येतं, आणि त्या घाटात हव्या त्या क्षणी थांबता येण्याचं मोल भाड्यातल्या फरकाहून मोठं आहे. पर्यटकांना नेण्याचा परवाना असलेलीच गाडी घ्या. रस्त्यात पोलिसांच्या चौक्या वरचेवर लागतात आणि कागद नसलेली गाडी तिथे अडकली की तुमचा दिवस जातो.

दुसरं, उजेडाचा हिशेब. मर्झूगाच्या एर्ग शेब्बीच्या टेकड्या, उंच उंच तर दीडशे मीटरच्या घरात, मावळत्या उन्हात पाहायच्या म्हणूनच लोक एवढं अंतर तोडतात. डिसेंबरात तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वाटेत टोद्राची घळ आहे, जेवणाचा ठरलेला थांबा आहे, गालिच्यांचं दुकान आहे, एर्फूदला जीवाश्मांचे दगड घासून विकणारे कारखाने आहेत, आणि या दुकानांत तुम्ही नको म्हटलं तरी गाडी थांबते, कारण विक्रीतला वाटा ठरलेला असतो. आम्ही पोचलो तेव्हा काळोख झाला होता. ज्या सूर्यास्तासाठी आलो तो व्हॅनच्या काचेतून, एका पेट्रोल पंपाजवळ दिसला. हिवाळ्यात जाणार असाल तर चालकाला आदल्या रात्रीच स्पष्ट सांगा की दुकानं नकोत, सूर्य मावळायच्या तासभर आधी वाळूत पोचायचं आहे. स्वतंत्र गाडीत हे ऐकलं जातं.

उंटाबद्दलही सांगायलाच हवं. बसलेला उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. गुडघे, कंबर किंवा मणक्याचं दुखणं असलेल्यांनी हा हट्ट करू नये. वाळूतल्या मुक्कामाच्या तंबूंपर्यंत जीपने नेतात, फक्त ते आधी मागावं लागतं. बाबांनी तसं केलं आणि ते आमच्याआधी पोचून शेकोटीशी बसले होते. हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा तंबूत किती रजया मिळतील तेही विचारून ठेवा.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं की आमची व्हॅन फेझला जाणारच नव्हती. ती बाकीच्यांना घेऊन माराकेशला परत निघाली. फेझवाल्यांना एका हॉटेलच्या अंगणात उतरवलं, बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि मग एका जुन्या टॅक्सीत इतरांसोबत दाटीवाटीने बसवलं. सामान टपावर. बाबांचे गुडघे पुढच्या आसनाला टेकलेले, सात-आठ तास. ही पद्धत त्या वाटेवर सर्रास आहे: टूर खरी माराकेश ते माराकेश अशी असते आणि ‘फेझला सोडू’ हा तिला नंतर जोडलेला तुकडा असतो. त्यामुळे नोंदणी करताना एवढंच विचारून चालत नाही की फेझला सोडणार का. विचारायचं ते असं: तीनही दिवस गाडी तीच राहील का? चालक तोच? तिसऱ्या दिवशी गाडीत किती जण असतील? फेझमध्ये नेमकं कुठल्या दारापाशी उतरवाल? उत्तर लेखी नसेल तर ते मिळालेलं नाही असं धरा.

हा तिसरा दिवस लोक गृहीतच धरत नाहीत. वाळवंट पाहून झालं, आता परतायचं, असं मनात असतं. पण झीझ नदीच्या खजुराच्या बागा मागे पडल्या की एर्राशिदियानंतर रस्ता पुन्हा चढू लागतो आणि मिदेल्तनंतरचा घाट दोन हजार मीटरच्या वर जातो. थंडीत बर्फ पडला की तिथले अडसर खाली येतात आणि गाड्या तासन् तास अडकतात. इब्न बतूता याच मुलखातून गेला होता. महंमद तुघलकाच्या दरबारात काझी राहिलेला, आपल्या दौलताबादचं वर्णन करून ठेवणारा तो प्रवासी फेझहून सिजिलमासाला आला आणि 1352 मध्ये तिथून तांड्याबरोबर वाळवंट ओलांडून मालीला गेला. त्या सिजिलमासाचे भग्नावशेष मर्झूगाजवळच्या रिस्सानीला लागून आहेत. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात फेझकडे परतताना बर्फाने भरलेल्या डोंगरवाटेबद्दल त्याने लिहिलं आहे की बुखारा, समरकंद आणि खोरासानातलं बर्फ पाहिलं, पण याहून अवघड वाट दिसली नाही. आज डांबरी रस्ता आहे, पण डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी फेझच्या मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवावा. त्याच संध्याकाळचं किंवा दुसऱ्या सकाळचं विमान मुळीच काढू नये.

एवढं सांगूनही मी वाळवंटाला जाऊ नका म्हणत नाही. जरूर जा. अझ्रूच्या देवदारांत माकडं बघायला थांबा, दादेसच्या घळीत एक रात्र जास्त काढा, तीन दिवसांचे चार-पाच करा. तो स्वतंत्र प्रवास आहे आणि त्याला त्याचा वेळ द्यायला हवा. फेझला ‘पोचण्याचं साधन’ म्हणून तो घेतला की दोन्ही हातचं जातं. आणि झागोराची दोन दिवसांची टूर ‘सहारा’ म्हणून विकतात, तिच्यात मर्झूगासारख्या वाळूच्या टेकड्या मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

फक्त पोचायचं असेल, विशेषतः वडीलधारी मंडळी असतील, तर रेल्वेच. पहिल्या वर्गाचं तिकीट घ्या. भाड्यात फार अंतर नाही आणि क्रमांकाची जागा, मोकळी बैठक मिळते. उन्हाळ्यात तर याबाबतीत काटकसर नकोच. थेट गाडीच बघा. टँजियर-कासाब्लांका धावणारी वेगवान ‘अल बुराक’ फेझला जात नाही, तिच्या नादाने गाड्या बदलत बसू नका. कासाब्लांकात बदलावीच लागली तर स्थानक ‘कासा व्हॉयाजर’ आहे याची खात्री करा, ‘कासा पोर्त’ वेगळं. जेवण बरोबर ठेवा. हरीरा सूप डाळ-टोमॅटोचं वाटलं तरी त्यात बहुधा मांस असतं आणि भाज्यांचा कुसकुसही मांसाच्या रश्श्यावर शिजवलेला असू शकतो. शाकाहाऱ्यांनी ‘ब्ला ल्हम’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करावेत. रमजानात जाणार असाल तर देशाचं घड्याळ महिनाभर एक तास मागे जातं, तेव्हा गाडीची वेळ पुन्हा तपासा.

मेकनेसच्या आसपास एखादा सुटाबुटातला गोड बोलणारा माणूस समोर येऊन बसेल. भारत म्हटल्यावर शाहरुख खानचं नाव घेईल. मग म्हणेल की त्याचा भाऊ फेझमध्ये गाईड आहे, कातडी कमावण्याच्या हौदांपाशी आज खास बाजार आहे, तुमचं हॉटेल तर बंद झालंय. परवाना नसलेल्या अशा गाईडांचा हा जुना धंदा आहे. ‘आमचं सगळं ठरलंय’ एवढं हसून म्हणा आणि हॉटेलचं नाव सांगू नका.

फेझला दिवसाउजेडी उतरा. 1981 पासून जागतिक वारसा असलेल्या जुन्या शहरात हजारो गल्ल्या आहेत आणि मोटार आत जात नाही. स्थानकाबाहेर लाल रंगाची छोटी टॅक्सी मिळेल, पण तिला तीनच प्रवासी नेण्याची मुभा आहे, म्हणून चौघांना दोन लागतात. मीटर टाकायला सांगा. रात्री आठनंतर भाडं दीडपट होतं. मुक्कामाच्या मालकाला आधी फोन करून ठेवलात तर तो बाब बू जलूदच्या दारापाशी सामानासाठी हातगाडीवाला पाठवतो. चाकांच्या बॅगा त्या दगडी उतारांवर ओढणं वयस्कर माणसांच्या कामाचं नाही.

आई-बाबांसाठी मी आज बेत आखला तर सलग सात तासही बसवणार नाही. माराकेशहून सकाळी निघून रबातला उतरायचं, हसन मिनार आणि समुद्रकाठचा उदाया किल्ला बघून रात्र तिथेच काढायची. दुसऱ्या दिवशी मेकनेस, मौले इस्माईलची राजधानी. तिथून व्होल्युबिलिसचे रोमन अवशेष तीसेक किलोमीटरवर आहेत, मोठी टॅक्सी जाऊन-येऊन ठरवावी आणि तिथे किती वेळ थांबायचं तेही भाड्यासोबतच बोलून घ्यावं. मेकनेसला स्थानकं दोन आहेत. जुन्या गावाला जवळचं आहे ते अमीर अब्दुलकादर, तिथेच उतरा. तिथून फेझ गाडीने तासाभरापेक्षाही कमी आहे.