ताजा मजकूर आणि छापील पुस्तक

मंडळी, आता तुम्हांला वाचता येऊ लागले. मग प्रश्न आला, वाचावे काय? पुस्तक वाचावे, की मोबाइलवर रोज येतो तो मजकूर? पुष्कळ जण आम्हांला हे विचारतात.

पुस्तकाला वेळ लागतो. कोणी ते लिहितो, कोणी तपासतो, मग ते छापखान्यात जाते. मोबाइलवरचा मजकूर अंजनवेलहून मुंबईला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचतो. आज वारा कसा आहे, दाभोळच्या खाडीतून होडी बाहेर काढावी की नाही, हे पुस्तकात सापडायचे कसे? त्याला ताजी बातमीच हवी.

हा प्रश्न मात्र जुनाच आहे. १८४१ साली मुंबईत भाऊ महाजनांनी 'प्रभाकर' नावाचे साप्ताहिक काढले. त्यात १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले. जातिभेद, विधवांचे हाल, लोकांचे अज्ञान, कशालाही त्यांनी सोडले नाही. चांगले कोरडे ओढले. ती पत्रे म्हणजे त्या आठवड्याचे ताजे लेखन. वाचून झाले की कागद बाजूला पडायचा. वाण्याच्या हाती लागला तर त्यात हळदीची पुडी! पण पुढे ती पत्रे गोळा करून त्यांचे पुस्तक झाले. त्याला 'शतपत्रे' म्हणतात. म्हणायला शंभर, पत्रे आहेत १०८. पावणेदोनशे वर्षे झाली, तरी ती आजही वाचायला मिळतात. पुस्तकाने ती राखली. पण साप्ताहिक नसते तर ती लिहून झाली असती का? आम्हांला तसे वाटत नाही.

तरी छापले तेवढे सगळे खरे, असे धरून चालू नका. साप चावला तर वर दोरी आवळा, जखमेला चीर द्या, असे जुन्या पुस्तकांत छापलेले असे. आज डॉक्टर सांगतात, आवळू नका, कापू नका, रक्त चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. माणसाला तडक दवाखान्यात न्या. विषावरचे इंजेक्शन तिथेच मिळते. गाडी बोलावण्याचा नंबरही १०८ च आहे, तेवढा पाठ करा.

आणि मोबाइलवर काय येते? 'अमुक मुळी उगाळून लावा, विष उतरते.' खाली नाव नाही, गाव नाही. दहा जणांनी पुढे धाडले म्हणून ते खरे होते काय? मुळी शोधण्यात अर्धा तास गेला, तर तेवढ्यात माणूस हातचा जायचा.

पुस्तक हाती आले की पहिली एक-दोन पाने नीट पाहा. तिथे लेखकाचे नाव, छापखाना आणि साल असते. आरोग्याचे पुस्तक असेल तर साल आधी वाचा. मोबाइलवरचा मजकूर कोणी लिहिला, कधी लिहिला, तेही शोधा. सापडले नाही तर गावच्या आशाताईंना विचारा.

उद्या येताना घरातले एक पुस्तक उघडा आणि त्याचे साल वहीत लिहून आणा.