पाठीवरचे बिऱ्हाड

घरातील संगणकाची आतली डिस्क भरून गेली होती. म्हणून एका विद्यार्थिनीने चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉल केले. ते उत्तम चालले. दोन आठवडे खपून तिने विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ते तयार केले आणि आदल्या दिवशी ती डिस्क दप्तरात घालून ती शाळेत गेली. शाळेच्या संगणकाला डिस्क जोडताच फोल्डर दिसला, तक्ते दिसले, सॉफ्टवेअरही दिसले. परंतु ते उघडू जाता पडद्यावर सूचना उमटली की, एक आवश्यक फाईल सापडत नाही. सारे काही बरोबर आणले असता हरवले तरी काय?

हरवले काहीच नव्हते. जे सापडत नव्हते, ते त्या डिस्कवर कधी आलेच नव्हते.

एखादे कुटुंब नव्या गावी राहावयास येते, तेव्हा खोलीत सामान लावून झाले म्हणजे संसार थाटला, असे होत नाही. शिधापत्रिकेवर नवा पत्ता चढवावा लागतो; दूधवाल्याला, पोस्टमनला, वीज कार्यालयाला घर कळवावे लागते. अर्धा संसार घरात असतो, तर अर्धा गावाच्या वह्यांत. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणे हे असेच बिऱ्हाड थाटणे आहे. ते नुसते नक्कल करून ठेवणे नव्हे. विंडोज प्रणालीत सॉफ्टवेअरचा मुख्य फोल्डर कोठे ठेवावा, एवढेच बहुधा विचारले जाते. पण त्याच वेळी काही साहाय्यक फाईली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात जाऊन बसतात. वापरणाराच्या आवडीनिवडी त्याच्या नावाच्या फोल्डरात राहतात. शिवाय ‘रजिस्ट्री’ नावाच्या मोठ्या नोंदवहीत अनेक नोंदी होतात. ही वही विंडोजमध्ये १९९२ साली आली आणि १९९५ च्या आवृत्तीपासून तिचे महत्त्व फार वाढले. बाहेरची डिस्क निवडली, तरी तिच्यावर जातो तो मुख्य फोल्डर. बाकीचा पसारा संगणकाच्या आतल्या डिस्कवरच राहतो. विद्यार्थिनीने घर उचलून आणले, पण गावाच्या वह्या गावातच राहिल्या.

मराठी लिहिणाऱ्यांना हा अनुभव निराळ्या रूपाने चांगला परिचयाचा आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन घोळका दिसे. मजकूर प्रवासाला निघाला आणि फॉन्ट घरी राहिला, एवढेच त्याचे कारण. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना १९९१ पासून स्वतःचे क्रमांक मिळाले आहेत. पुढे त्याचा वापर वाढला, तसा हा त्रास बराच कमी झाला.

बाहेरच्या डिस्कवर बसविलेले सॉफ्टवेअर कधी कधी आपल्याच संगणकावरही अडून बसते. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. आयबीएम कंपनीचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. एका फ्लॉपीवरून सॉफ्टवेअर चाले, दुसरीवर काम साठवीत. या दोन फ्लॉपींच्या जागांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणत. १९८३ च्या सुधारित यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्याला ‘सी’ हे अक्षर आले. फ्लॉपी गेल्या, तरी घरातल्या थोरल्यांच्या रिकाम्या पाटांसारखी पहिली दोन अक्षरे मोकळीच राहिली. बाहेरून जोडलेल्या डिस्कला विंडोज असेच एखादे पुढचे मोकळे अक्षर देते. आज ते ‘ई’ असेल. उद्या त्याआधी कोणी पेन ड्राइव्ह जोडला, तर ‘ई’ त्याला जाईल आणि डिस्क ‘एफ’ होईल. नोंदवहीत मात्र ‘ई’ असेच लिहिलेले! पोस्टमन जुन्या दारावर थाप मारीत राहतो. यावर उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला ‘पी’ यासारखे दूरचे अक्षर नेमून दिले, की विंडोज ते लक्षात ठेवते.

फ्लॉपीच्या काळात सॉफ्टवेअर खिशात घालून दुसऱ्या यंत्रावर चालविणे ही नित्याची गोष्ट होती. हार्ड डिस्क आली, सॉफ्टवेअरने मुळे धरली आणि ते स्वातंत्र्य गेले. ते परत मिळविण्याची खटपट पुढे काही जणांनी केली. जॉन हॅलर यांनी २००४ साली फायरफॉक्स या ब्राउझरला असे रूप दिले की, त्याच्या आवडीनिवडी, खुणा, सारे त्याच्याच फोल्डरात राहावे. अशा सॉफ्टवेअरला ‘पोर्टेबल’ म्हणतात. ते आपल्या फाईलींचा पत्ता ‘ई गल्लीतील तिसरे घर’ असा ठेवीत नाही. ‘माझ्या शेजारची खोली’ असा ठेवते. मग गल्ली बदलली, गाव बदलले, तरी बिघडत नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण एरवी थोड्या कीवेने वापरली जाते. येथे तो गुणच आहे. चित्रांसाठी गिम्प व इंकस्केप, लेखनासाठी लिब्रेऑफिस यांच्या अशा आवृत्त्या विनामूल्य मिळतात. त्या विद्यार्थिनीने यांपैकी एखादी निवडली असती, तर डिस्क जोडताच शाळेतही तिचे काम सुरू झाले असते.

याहून धाडसाची कल्पना म्हणजे सॉफ्टवेअरच नव्हे, तर सबंध कार्यप्रणालीच बरोबर नेणे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘क्नॉपिक्स’ ही लिनक्स प्रणाली तयार केली. ती एका सीडीवरूनच सुरू होई, आणि समोर कोणते यंत्र आहे हे स्वतः ओळखून घेई. आज लिनक्स बाहेरच्या डिस्कवर बसवून त्याच डिस्कवरून संगणक सुरू करता येतो. मात्र तशी परवानगी त्या संगणकाने दिलेली असावी लागते. अनेक शाळा व कार्यालये ही वाट बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. कारण स्वतःची प्रणाली घेऊन आलेल्या पाहुण्याला त्या घराची कित्येक कुलपे लागू पडत नाहीत.

वेगाचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते. यंत्राला ते संथच वाटते. यूएसबीच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट होता, तर २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीचा ५ गिगाबिट. त्यामुळे डिस्क जुन्या जागी जोडली तर सॉफ्टवेअर उघडावयास वेळ लागतो. एकदा ते संगणकाच्या रॅममध्ये आले, म्हणजे डिस्कची वाट फारशी पाहावी लागत नाही.

पण त्यामुळेच एक फसगत होते. डिस्क मध्येच उपटली, तरी पडद्यावरचे चित्र क्षणभर तसेच दिसते. पुढे सॉफ्टवेअरला आणखी एखादी फाईल हवी झाली की ते थबकते. आणि त्याच क्षणी काही लिहिले जात असेल, तर ती फाईल अर्धवट राहते. म्हणून प्रथम सॉफ्टवेअर बंद करावयाचे, मग डिस्क सुरक्षित काढण्याची आज्ञा द्यावयाची. ‘डिस्क वापरात आहे’ असे उत्तर आले, तर मागे काहीतरी अजून उघडे आहे असे समजावे. परवानगी मिळाल्यावर तबकडी मंदावते, तिच्यावर तरंगणारा वाचक-शीर्षाचा बारीक हात बाजूच्या सुरक्षित जागी जाऊन विसावतो, आणि मगच केबल काढावयाची असते.