एका वाड्यातली दोन बिऱ्हाडे : हातातल्या संगणकाचे अपडेट आणि आपली माहिती



गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी आपापल्या घरच्या व शेजारच्या आजी-आजोबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, हे आपणांस ठाऊक आहेच. एकूण ४३ मुलाखती झाल्या. त्यांतील दोन आजी आणि एक आजोबा आज आपल्यात नाहीत. त्यांचे आवाज शाळेच्या एका लहानशा यंत्रात होते, आणि त्याच यंत्राचे अपडेट करण्याची वेळ आली.

काम झाल्यावर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका सन्माननीय सदस्यांनी विचारले, "एवढ्याशा कामाला तीन शनिवार कसे लागले?" प्रश्न रास्त आहे. प्रत्यक्ष अपडेटला दोन-अडीच तास लागले. बाकीचा सगळा वेळ अपडेटच्या आधीच्या तयारीत गेला. ती तयारी काय होती आणि का होती, ते या लेखात सांगत आहोत. मुलांनी हा पाठ म्हणून वाचावा.

यंत्र कोणते?

आमच्याकडे आहे तो जेमिनी पीडीए. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने तो शाळेला भेट दिला. लंडनच्या प्लॅनेट कॉम्प्युटर्स या कंपनीने २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा केला आणि २०१८ मध्ये हे यंत्र लोकांच्या हाती आले. आकार कंपासपेटीसारखा. उघडले की वर पडदा आणि खाली खरा कळफलक. त्याची रचना मार्टिन रिडिफोर्ड यांची. १९९७ मधल्या सायन सिरीज ५ या गाजलेल्या हातसंगणकाची रचनाही त्यांचीच होती.

जेमिनीत ६४ जीबी साठवण असते आणि त्यात एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी-शेजारी बसवता येतात. आमच्या यंत्रात दोन आहेत : अँड्रॉइड आणि डेबियन लिनक्स. सुरू करताना बाजूचे बटण दाबून धरले की दुसरी सिस्टीम उघडते. मुले अँड्रॉइडमध्ये मुलाखती मुद्रित करत आणि लिनक्समध्ये त्या ऐकून मजकूर टंकत. जुन्या हजेरीपटांची छायाचित्रेही लिनक्सच्याच भागात होती. हळूहळू तो भाग भरून गेला. म्हणून लिनक्सला जास्त जागा द्यायची आणि दोन्ही सिस्टीम नव्याने बसवायच्या, असे ठरले.

भिंत कुठे आहे?

जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडे राहतात, तसे हे यंत्र आहे. वाडा एकच, म्हणजे साठवणाची चिप एकच. तिचे भाग पाडलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात अँड्रॉइडची मूळ सिस्टीम, एकात वापरणाऱ्याची माहिती, एकात लिनक्स. शिवाय प्रत्येक सिस्टीमला सुरू करणारा एक छोटा भाग असतो, त्याला बूट म्हणतात. बूट म्हणजे त्या बिऱ्हाडाचे दार समजा.

अपडेट हा शब्द एकच असला तरी अशा यंत्रात त्याचे तीन अर्थ होतात, आणि तिन्हींतला धोका वेगवेगळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे लिनक्सच्या आतले अपडेट. यात लिनक्स आपल्याच खोलीतल्या जुन्या वस्तू काढून नव्या ठेवते. आपले होम फोल्डर सहसा जसेच्या तसे राहते आणि अँड्रॉइडच्या माहितीला हात लागत नाही. डेबियनमध्ये मात्र एक नियम पाळावा लागतो. आवृत्ती ९ वरून थेट ११ वर उडी घेता येत नाही. आधी १०, मग ११. सातवीतल्या मुलाला एकदम नववीत बसवत नाहीत, तसेच हे. आणि अशा यंत्रांवरचे लिनक्स अनेकदा अँड्रॉइडसाठी बनवलेल्या ड्रायव्हरांच्या आधाराने चालते, म्हणून डेबियनची पुढची आवृत्ती त्यावर चालेलच, असे गृहीत धरू नये.

दुसरा प्रकार अँड्रॉइडच्या सिस्टीम अपडेटचा. अँड्रॉइडला शेजारच्या बिऱ्हाडाची कल्पना नसते. ते आपली सिस्टीम बदलते आणि दारही नवे बसवते. दोन सिस्टीमसाठी दारात काही फेरफार केला असेल, तर अपडेट मध्येच अडते, नाहीतर तो फेरफार पुसला जातो. मग लिनक्स उघडतच नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : दार दिसेनासे झाले म्हणजे आतले सामान गेले, असे नव्हे. बहुतेक वेळा माहिती जागेवरच असते आणि फक्त बूटचा भाग पुन्हा बसवावा लागतो. पण माणूस घाबरतो, सगळे पुसून नव्याने बसवतो, आणि माहिती जाते ती त्या क्षणी.

तिसरा प्रकार भिंत सरकवण्याचा, म्हणजे पार्टिशनचे आकार बदलण्याचा. जेमिनीत हे काम बाहेरच्या संगणकावरून नवा आराखडा पाठवून करतात. यात दोन्ही बिऱ्हाडे रिकामी होतात. काही वाचेल अशी आशाच धरू नये. आमचे काम या तिसऱ्या प्रकारचे होते.

प्रत कशाला म्हणावे?

काही वर्षांपूर्वी कार्यालयातल्या संगणकावर सहामाहीचे निकालपत्रक होते. त्याची प्रत आम्ही स्वतः "बॅकअप" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती आणि निश्चिंत होतो. एके दिवशी हार्ड डिस्क बंद पडली. प्रत त्याच डिस्कवर होती. मूळही गेले आणि प्रतही गेली. शिक्षकांना गुणवह्यांवरून सगळे पुन्हा भरावे लागले, त्यात आठवडा गेला. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, आमचीच होती. तेव्हा वह्या हाताशी होत्या म्हणून निभावले. मुलाखतींची वही नाही.

म्हणून या वेळी तीन प्रती केल्या. एक शाळेच्या संगणकावर, एक पोर्टेबल हार्ड डिस्कवर आणि एक शाळेच्या आवाराबाहेर, एका शिक्षिकेच्या घरी. शाळेत पाणी शिरले किंवा चोरी झाली, तरी तिसरी प्रत राहील.

दोन्ही बिऱ्हाडांचे सामान मात्र एकाच रीतीने बांधता येत नाही.

अँड्रॉइडमधले ध्वनिमुद्रण, फोटो वगैरे केबल लावून संगणकावर उतरवता येते. पण संपर्कयादी आपोआप येत नाही. ती ॲपमधून व्हीसीएफ फाइल म्हणून वेगळी काढावी लागते. कित्येक ॲप आपली माहिती अशा जागी ठेवतात की फाइली उतरवून ती हाती लागत नाही, त्यासाठी त्या ॲपमधलीच बॅकअपची सोय वापरावी. अँड्रॉइडचा भाग कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असेल, तर तो शेजारच्या लिनक्समधून वाचता येत नाही. ही प्रत अँड्रॉइड चालू असतानाच काढावी.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला मालक आणि परवानग्या असतात. मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीचे असते, त्यात ही नोंद राहत नाही. म्हणून फाइली सुट्या न नेता टार या आज्ञेने त्यांचा एक गठ्ठा बांधतात, त्यात परवानग्याही जपल्या जातात. आमचा पहिला शनिवार इथेच गेला. फॅट ३२ पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आमचा गठ्ठा त्या उंबरठ्यावर येऊन थांबला. मग हजेरीपटांचा एक आणि बाकीचा एक, असे दोन गठ्ठे केले.

ताळा

गणितात उत्तर आल्यावर आपण ताळा पाहतो. प्रतीचाही ताळा पाहता येतो. शा-२५६ नावाची एक रीत आहे. ती कोणत्याही फाइलीवरून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ काढते. फाइलीतला एक ठिपका जरी बदलला, तरी ओळ पार बदलते. मूळ फाइलीची ओळ आणि प्रतीची ओळ सारखी आली, तर प्रत तंतोतंत आहे असे समजावे.

दुसऱ्या शनिवारी मुलांनी ४३ फाइलींचा ताळा पाहिला. ४२ जुळल्या. एक जुळली नाही. ती प्रत वाजवून पाहिली तर अकराव्या मिनिटाला आवाज थांबत होता, मूळ मुलाखत मात्र २६ मिनिटांची. प्रत पुरी होण्याआधीच कुणीतरी केबल काढली असावी. फाइलीचे नाव बरोबर होते आणि फोल्डरमध्ये ती इतरांसारखीच दिसत होती. ही मुलाखत कुणाची, ते इथे लिहीत नाही. त्या घरी अजून तेरावा व्हायचा होता.

प्रत पुन्हा काढली आणि ताळा जुळला. त्यानंतर मुलांनी प्रत्येक मुलाखतीची सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून पाहिला. कारण ताळा जुळला म्हणजे प्रत मुळासारखी आहे एवढेच कळते. मूळच बिघडलेले असेल, तर ते कानांनीच कळणार.

यंत्राची स्वतःची ओळख

मोबाईल जोडणी असलेल्या प्रत्येक यंत्राला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो दिसतो. जेमिनीसारख्या मीडियाटेक चिपच्या यंत्रात हा क्रमांक एनव्हीरॅम नावाच्या छोट्या भागात असतो. सिस्टीम बसवण्यासाठी जे एसपी फ्लॅश टूल वापरतात, त्यात "सर्व फॉरमॅट करा" असा एक पर्याय आहे. तो निवडला तर हा भागही पुसला जातो, आणि क्रमांक गेला की यंत्र नेटवर्कला जोडले जात नाही. म्हणून एनव्हीरॅमची प्रत आधी काढून ठेवली आणि तो पर्याय निवडलाच नाही. एक इशारा : क्रमांक गेला तर स्वतःच्या प्रतीवरून तोच परत भरावा. दुसरा क्रमांक घालणे हा आपल्या देशात गुन्हा आहे.

तिसरा शनिवार

त्या दिवशी पाळलेला क्रम असा :

१. यंत्र पूर्ण चार्ज केले. संगणक यूपीएसवर घेतला, कारण मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते.

२. नव्या फाइली नेमक्या आपल्याच मॉडेलच्या आहेत ना, ते दोघांनी वेगवेगळे तपासले.

३. मेमरी कार्ड व सिम काढून ठेवले.

४. जुना आणि नवा आराखडा कागदावर लिहिला. आयएमईआय क्रमांक व गुगल खात्याचे नावही लिहिले. यंत्र पुसल्यावर जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो, म्हणून तोही हाताशी ठेवला.

५. सिस्टीम बसवताना केबलला कुणी हात लावला नाही.

६. आधी अँड्रॉइड, मग लिनक्स सुरू करून पाहिले. दोन्ही दारे उघडल्यावरच सामान आत आणले.

७. परत आणलेल्या ४३ फाइलींचा पुन्हा ताळा पाहिला. सर्व जुळल्या.

प्रती अजून पुसलेल्या नाहीत, आणि पुसणारही नाही. यंत्र जुने आहे, डेबियन ९ ची दीर्घ मुदतीची सुरक्षा-दुरुस्ती ३० जून २०२२ रोजीच संपली. म्हणून यावर बँकेचे किंवा पासवर्डचे काम करायचे नाही आणि लिनक्स इंटरनेटला जोडायचे नाही, असा नियम केला आहे.

विश्वस्त मंडळास विनंती की पुढील अंदाजपत्रकात आणखी एका पोर्टेबल हार्ड डिस्कची तरतूद करावी. शिक्षिकेच्या घरची प्रत त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर आहे, ते बरोबर नाही.

पालकांस विनंती की घरातल्या मोबाईलवर आईवडिलांचे, आजी-आजोबांचे जे आवाज आणि फोटो आहेत, त्यांची एक प्रत मोबाईलबाहेर आहे का, ते आजच पाहावे. असेल तर ती उघडून पाहावी.

स्वाध्याय

१. घरच्या एका मोबाईलचा आयएमईआय क्रमांक पालकांच्या परवानगीने पाहा व घरातल्या वहीत लिहून ठेवा. वर्गात आणू नका.

२. अँड्रॉइडच्या अपडेटनंतर लिनक्स उघडत नाही. लगेच सगळे पुसून नव्याने बसवणे चूक का? चार ओळींत लिहा.

३. "बॅकअप" नावाचे फोल्डर मूळ डिस्कवरच असेल, तर ती प्रत का मानू नये?

४. संगणक कक्षात एका मजकुराच्या फाइलीचा शा-२५६ ताळा काढा. एक स्वल्पविराम बदला. पुन्हा काढा. दोन्ही ओळी वहीत उतरवा.